लपवलेली गाठ आणि बरा होणारा कर्करोग

विशेष प्रतिनिधी, रेवदंडा

कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे पोर्तुगीजांनी बांधलेल्या तटबंदीच्या आत रेवदंडा गाव वसले आहे. आत नारळ-पोफळीच्या वाड्या, शेजारी थेरोंड्याचा कोळीवाडा, पुलापलीकडे साळावचा पोलाद कारखाना आणि कोर्लईचा किल्ला. या पट्ट्यातील पुरुषांची कामे अंगमेहनतीची. जाळी ओढणे, बर्फाच्या लाद्या उचलणे, माडावर चढणे, माल उतरवणे. त्यामुळे जांघेत ओढ बसली किंवा अंडकोशाला सूज आली, तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. ताण आला असेल, अवधान आले असेल, पाणी भरले असेल, असे म्हणून विषय मिटवला जातो. बहुतेक वेळा ते खरेही असते. हर्निया, अंडवृद्धी किंवा जंतुसंसर्ग हीच अशा सुजेची नेहमीची कारणे होत. क्वचित मात्र ही सूज दुखत नाही, कमी-जास्त होत नाही, हाताला खड्यासारखी टणक लागते आणि महिन्यागणिक वाढत जाते. तेव्हा ती वृषणाच्या कर्करोगाची गाठ असू शकते.

कर्करोग हा शब्द उच्चारताच आपल्याकडे घरावर जी अवकळा पसरते, तिला या रोगाच्या बाबतीत फारसा आधार नाही. शरीरात गाठीच्या रूपाने वाढणाऱ्या कर्करोगांमध्ये इतक्या खात्रीने बरे होणारे कर्करोग अगदी मोजके आहेत. पाश्चात्त्य देशांत सर्व टप्प्यांचे रुग्ण एकत्र धरले, तरी शंभरातील सुमारे ९५ जण पाच वर्षांनंतर जिवंत असतात आणि त्यांतील बहुसंख्य कायमचे बरे झालेले असतात. फुप्फुसांपर्यंत पसरलेला रोगही बरा होऊ शकतो. इतर अनेक कर्करोगांत या अवस्थेला डॉक्टर केवळ आयुष्य लांबवण्याची भाषा करतात. येथे ते बरे करण्याच्या उद्देशानेच उपचार सुरू करतात.

मग अडते कोठे? दोन ठिकाणी. पहिले उपचारांच्या आधी, म्हणजे गाठ हाताला लागल्यापासून ती डॉक्टरांना दाखवेपर्यंतच्या काळात. दुसरे उपचारांनंतर, ज्याची चर्चा फारशी होतच नाही. पंचविशीत बरा झालेला माणूस आणखी चाळीस-पन्नास वर्षे जगणार असतो आणि त्या सगळ्या वर्षांत उपचारांचे काही ठसे त्याच्या शरीरात राहणार असतात.

तरुणांचा रोग

कर्करोग हा उतारवयाचा आजार, ही आपली समजूत. वृषणाचा कर्करोग प्रामुख्याने पंधरा ते चाळीस या वयोगटात आढळतो. शुक्राणू तयार करणाऱ्या बीजपेशींत तो सुरू होतो. त्याचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. 'सेमिनोमा' हा तुलनेने सावकाश वाढणारा आणि साधारणतः तिशी-पस्तिशीत दिसणारा. दुसरा 'नॉन-सेमिनोमा', हा अधिक तरुण वयात येतो आणि झपाट्याने वाढतो. उपचारांची आखणी बरीचशी या भेदावर अवलंबून असते.

भारतात हा रोग दुर्मीळ आहे. नॉर्वे, डेन्मार्कसारख्या देशांत दर लाख पुरुषांमागे वर्षाला दहाच्या आसपास रुग्ण आढळतात. आपल्याकडे हे प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी आहे. भारतातील कर्करोगाची पहिली लोकसंख्याधारित नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. तेथपासूनच्या नोंदींतही हा रोग कधी मोठ्या कर्करोगांच्या रांगेत दिसला नाही. ही आनंदाची गोष्ट असली, तरी तिचा एक तोटा आहे. गावातील सामान्य डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत असा एखाददुसराच रुग्ण येतो. त्यामुळे प्रतिजैविकांचा एक कोर्स, मग दुसरा, मग लंगोट बांधण्याचा सल्ला, असे करता करता महिने निघून जातात. आपल्याकडे या रोगाचे रुग्ण कमी, पण जे येतात ते बऱ्याचदा पोटात किंवा छातीत रोग पसरल्यावरच येतात, याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण अर्थातच लाज. गावात आशा कार्यकर्ती घरोघर फिरते आणि तिच्याशी स्त्रिया निदान काही बोलू शकतात. शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी होते, तीही वयाच्या तिशीनंतर. वीस वर्षांच्या मुलाने जांघेतील गाठीबद्दल बोलावे, असा माणूस व्यवस्थेत कोठेच नाही. आईला सांगता येत नाही, वडिलांना सांगवत नाही, आणि मित्रांमध्ये तो थट्टेचा विषय होतो. लग्न ठरायचे असेल, तर तोंड अधिकच घट्ट मिटते.

किनाऱ्यावर त्यात आणखी एक हिशोब मिसळतो. मासेमारीचा हंगाम चालू असताना बोट सोडून दवाखान्यात बसणे परवडत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद झाली की दाखवू, असे म्हटले जाते. समजा, थेरोंड्याच्या एखाद्या खलाशाला होळीच्या सुमारास गाठ जाणवली आणि त्याने जूनपर्यंत वाट पाहिली. झपाट्याने वाढणाऱ्या नॉन-सेमिनोमाला काही आठवड्यांत आकाराने दुप्पट होता येते. होळी ते जून या काळात एका वृषणापुरता असलेला रोग पोटातील लसिकाग्रंथींपर्यंत आणि तेथून फुप्फुसांत पोहोचू शकतो. तेव्हाही तो बहुधा बरा होईल. मात्र एका छोट्या शस्त्रक्रियेवर जे भागले असते, त्यासाठी केमोथेरपीची तीन-चार आवर्तने सोसावी लागतील.

पोटातील ग्रंथीच का, याचे उत्तर गर्भावस्थेत आहे. वृषणे मुळात मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि जन्मापूर्वी खाली अंडकोशात उतरतात. उतरताना ती आपल्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या सोबत घेऊन येतात. म्हणून वृषणातील रोग प्रथम जांघेत न जाता पोटाच्या मागील भागात, पाठीच्या कण्यालगतच्या ग्रंथींत जातो. काही तरुण कंबरदुखीची तक्रार घेऊन येतात आणि मूळ गाठीचा उल्लेखही करत नाहीत, त्याचा उलगडा येथे होतो.

काही मुलांमध्ये हा उतरण्याचा प्रवास अर्धवट राहतो आणि वृषण पोटात किंवा जांघेत अडकते. अशा मुलांना पुढे हा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. स्वीडनमधील सुमारे १७ हजार पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या तेराव्या वर्षापूर्वी शस्त्रक्रिया करून वृषण खाली आणलेल्यांत हा धोका सर्वसामान्यांच्या दुपटीहून किंचित अधिक होता, तर त्यानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत तो पाचपटीहून अधिक होता. आता ही शस्त्रक्रिया बाळ सहा ते अठरा महिन्यांचे असताना करावी, असे मानले जाते. आपल्याकडे मात्र मोठा झाला की येईल खाली, या आशेवर मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा होतो. बाळाला न्हाऊ घालताना दोन्ही वृषणे जागेवर आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे.

प्रौढांनी दर महिन्याला ठरवून स्वतःची तपासणी करावी का, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. रोग दुर्मीळ आणि बरा होणारा असल्याने नियमित तपासणीची मोहीम उपयोगाची नाही, असे अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्य सेवा कृतिगटाने २०११ मध्ये म्हटले. हे मत पटण्यासारखे आहे. निरोगी तरुणांना घाबरवून सोडण्यात अर्थ नाही. पण ठरवून गाठ न शोधणे वेगळे आणि सापडलेली गाठ लपवणे वेगळे.

निदान आणि पहिली शस्त्रक्रिया

निदानाची पहिली पायरी अंडकोशाची सोनोग्राफी. त्यासाठी रेवदंड्याहून मुंबई गाठण्याची गरज नाही. सतरा-अठरा किलोमीटरवरील अलिबागमध्येही ती होते. गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर, घन आहे की पाण्याची, हे त्यातून स्पष्ट होते. अंडवृद्धी म्हणून पाणी काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफीचा आग्रह धरावा तो यासाठी. क्वचित गाठीभोवतीच पाणी साचलेले असते आणि आतील गाठ हाताला लागत नाही.

त्यानंतर रक्ताच्या तीन तपासण्या होतात. अल्फा फिटोप्रोटीन, बीटा एचसीजी आणि एलडीएच. यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. यांतील बीटा एचसीजी म्हणजे गर्भधारणा चाचणीत पाहिले जाणारे संप्रेरक. पुरुषाच्या कागदावर ते पाहून प्रयोगशाळेतील नवखा मनुष्य गोंधळतो, पण कर्करोगाच्या काही बीजपेशी ते खरोखरच तयार करतात. गाठ काढल्यावर हे आकडे ठराविक वेगाने खाली यायला हवेत. आले नाहीत, तर रोग शरीरात अन्यत्र शिल्लक आहे असे समजते. इतका बोलका निदर्शक फार थोड्या कर्करोगांना लाभला आहे.

यानंतर ते वृषण काढले जाते. ही शस्त्रक्रिया जांघेतून करावी लागते, अंडकोशावर छेद घेऊन नव्हे. सुई टोचून तुकडा काढण्याचा मोहही टाळावा लागतो. वृषणाच्या लसिकावाहिन्या पोटाकडे जातात, तर अंडकोशाच्या त्वचेच्या जांघेकडे. त्वचेतून छेद घेतला, तर रोगाला एक नवी वाट मोकळी होण्याची भीती असते. हा नियम जुना आहे, तरीही साधी गाठ समजून चुकीच्या जागी छेद घेतलेले रुग्ण मोठ्या रुग्णालयांत येत राहतात.

एक वृषण काढल्याने पुरुषत्व जाते, हा समज मुळापासून चुकीचा आहे. दुसरे वृषण निरोगी असेल, तर संप्रेरकांसाठी आणि अपत्यप्राप्तीसाठी ते बहुधा पुरेसे असते. दिसण्याचा प्रश्न असल्यास सिलिकॉनचे कृत्रिम वृषण बसवता येते.

रोग वृषणापुरताच मर्यादित असेल, तर पुष्कळदा पुढे केवळ नियमित तपासण्यांवर लक्ष ठेवले जाते. सेमिनोमात कधी कार्बोप्लॅटिनचा एखादा डोस, नॉन-सेमिनोमात कधी केमोथेरपीचे एक आवर्तन देतात. केवळ लक्ष ठेवणे हा मार्ग उत्तम आहे, पण तो ठरलेल्या दिवशी येणाऱ्या रुग्णासाठी. जो येणारच नाही असे वाटते, त्याच्याबाबत डॉक्टर आधीच औषध देण्याकडे झुकतात.

प्लॅटिनमची कथा

पन्नास वर्षांपूर्वी हे सारे असे नव्हते. सर्वत्र पसरलेल्या वृषणाच्या कर्करोगातून तेव्हा शंभरातील पाच-दहा तरुणच वाचत. चित्र बदलले ते एका योगायोगाने. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे संशोधक विद्युतक्षेत्राचा जिवाणूंच्या विभाजनावर काय परिणाम होतो, ते पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते लांबच लांब धाग्यांसारखे वाढू लागले. हा प्रताप विजेचा नसून प्लॅटिनमच्या विद्युताग्रांतून द्रावणात उतरलेल्या संयुगाचा आहे, हे पुढे लक्षात आले. निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते संयुग एकोणिसाव्या शतकापासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते, पण त्याचा कर्करोगाशी संबंध कोणी जोडला नव्हता. तेच 'सिसप्लॅटिन'.

इंडियाना विद्यापीठातील तरुण डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिसप्लॅटिनला व्हिनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन या दोन औषधांची जोड दिली. इतर उपचार थकलेला जॉन क्लेलँड हा विद्यार्थी त्यांच्या पहिल्या रुग्णांपैकी होता. तो बरा झाला आणि पुढे शिक्षक झाला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा रोग पूर्णपणे नाहीसा झाल्याची नोंद आहे. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिसप्लॅटिनला मान्यता दिली. पुढे व्हिनब्लास्टिनच्या जागी इटोपोसाइड आले. ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन या त्रयीला जगभर 'बीईपी' म्हणतात. १९८७ पासून आजपर्यंत तिची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली नाही. कर्करोगाच्या औषधांत दर वर्षी नव्या नावांची गर्दी होत असताना ही गोष्ट नवलाची वाटावी.

मराठी वाचकाला या त्रयीची ओळख एका क्रिकेटपटूमुळे झाली, पण अनेकांना तिचे नाव ठाऊक नसेल. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा स्पर्धेचा मानकरी ठरलेला युवराज सिंग आजारीच होता. त्याच्या दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत गाठ होती आणि ती सेमिनोमाची होती. बीजपेशींचा कर्करोग क्वचित वृषणात न होता छातीत किंवा पोटात सुरू होतो, त्यांपैकी ही एक. औषधे मात्र तीच. २०१२ च्या आरंभी त्याने इंडियानापोलिस येथे आइनहॉर्न यांच्याच देखरेखीखाली केमोथेरपीची तीन आवर्तने घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात तो पुन्हा भारतासाठी खेळला. २०१७ च्या जानेवारीत कटकला इंग्लंडविरुद्ध त्याने दीडशे धावा केल्या, ही त्याची एकदिवसीय सामन्यांतील सर्वोच्च खेळी. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा रोग १९९६ मध्ये फुप्फुसांत आणि मेंदूतही पोहोचला होता. त्याची सात विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांमुळे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. कर्करोगावरील विजय मात्र खराच होता.

युवराज अमेरिकेला गेला म्हणून हे उपचार तेथेच होतात, असा अर्थ काढण्याचे कारण नाही. ही तिन्ही औषधे भारतात तयार होतात, अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि नव्या औषधांच्या तुलनेत खूपच स्वस्त आहेत. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचे काम करत आहे. त्याचेच खारघर येथील केंद्र तर रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात आहे. राज्य शासनाने २०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी तिच्यात समाविष्ट आहेत.

एकवीस दिवसांचे गणित

बीईपीचे एक आवर्तन एकवीस दिवसांचे. पहिले पाच दिवस रोज सिसप्लॅटिन आणि इटोपोसाइड, सोबत मूत्रपिंडे सांभाळण्यासाठी भरपूर सलाइन. ब्लिओमायसिन आठवड्यातून एकदा. सौम्य धोक्याच्या गटातील रुग्णाला अशी तीन आवर्तने, इतरांना चार. बावीसाव्या दिवशी पुढचे आवर्तन सुरू व्हायला हवे. अशक्तपणा आहे, घरी लग्न आहे, गणपती आले, म्हणून आठवडा पुढे ढकलणे या रोगात महाग पडते. रक्तातील पेशी थोड्या कमी असल्या, तरी अनुभवी डॉक्टर आवर्तन लांबवायला सहसा तयार नसतात, कारण वेळापत्रक मोडले की बरे होण्याची शक्यता खाली येते.

रेवदंड्याहून हे वेळापत्रक पाळणे सोपे नाही. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात. २०२० पासून सुरू झालेल्या रो-रो सेवेने थोडी सोय झाली, नाहीतर वडखळमार्गे रस्त्यानेच जावे लागते. पांढऱ्या पेशी घटलेल्या अवस्थेत गर्दीच्या एसटीतून आठवड्याला एक फेरी, ही चैन नव्हे. आवर्तनांच्या नऊ-दहा आठवड्यांपुरता पनवेल-खारघर भागात नातेवाइकांकडे मुक्काम ठेवता आला, तर तो ठेवावा. ताप शंभरावर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते आणि रात्री दोन वाजता रेवदंड्याहून ते अंतर फार वाटते.

आणखी एक गोष्ट कानावर घालायला हवी. केमो सोसत नाही, जरा सौम्य औषध द्या, अशी विनंती नातेवाईक करतात. सिसप्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन दिले की उलट्या कमी होतात, मूत्रपिंडांवरचा ताणही कमी होतो. परंतु पसरलेल्या रोगात या अदलाबदलीने बरे होणाऱ्यांचे प्रमाण घटते, हे नव्वदच्या दशकातील तुलनात्मक चाचण्यांनी सिद्ध केले आहे. आइनहॉर्न यांच्या पहिल्या रुग्णांना उलट्यांनी हैराण केले होते. १९९० च्या सुमारास ऑन्डॅनसेट्रॉन आल्यापासून तो त्रास पुष्कळ आटोक्यात आहे.

उपचारांचे फळ धोक्याच्या गटावर अवलंबून असते. पसरलेल्या नॉन-सेमिनोमाचे जगभरातील आकडे २०२१ मध्ये नव्याने मांडले गेले. सौम्य गटात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ९६ टक्के, मध्यम गटात ८९ टक्के आणि गंभीर गटात ६७ टक्के आले. १९९७ च्या मोजणीत हेच आकडे ९२, ८० आणि ४८ होते. औषधे तीच असताना एवढा फरक पडला. याचे श्रेय डॉक्टरांच्या वाढत्या अनुभवाला, योग्य वेळी होणाऱ्या शस्त्रक्रियांना आणि परतलेल्या रोगावरील चांगल्या उपचारांना दिले जाते.

केमोनंतर पोटात गाठ उरली, तर नॉन-सेमिनोमात ती शस्त्रक्रियेने काढतात, कारण तिच्यात केमोला न जुमानणाऱ्या पेशी असू शकतात. ही शस्त्रक्रिया मोठ्या रक्तवाहिन्यांलगतची असते आणि सरावलेल्या हातांनीच व्हावी. रोग परतला तरी दार बंद होत नाही. तीव्र मात्रेची केमोथेरपी आणि रुग्णाच्याच मूळपेशींचे रोपण करून आइनहॉर्न व सहकाऱ्यांनी १८४ रुग्णांवर उपचार केले. त्यांतील ११६ जण रोगमुक्त राहिल्याचे त्यांनी २००७ मध्ये नोंदवले.

नंतरची पन्नास वर्षे

अपत्याचा प्रश्न उपचारांपूर्वी विचारायचा असतो, नंतर नव्हे. केमोथेरपीने शुक्राणूंची निर्मिती काही काळ बंद पडते. अनेकांत ती दोनेक वर्षांत परतते, काहींत परतत नाही. म्हणून केमो सुरू होण्याआधी, शक्य तर शस्त्रक्रियेपूर्वीच, वीर्य गोठवून ठेवावे. त्यासाठी एक-दोन दिवस पुरतात. अविवाहित मुलासमोर हा विषय काढायला डॉक्टरही संकोचतात आणि वडील तर खोलीबाहेर जातात. नॉर्वेतील पाहणीत, उपचारांनंतर मूल हवे असलेल्या पुरुषांपैकी पंधरा वर्षांत ७१ टक्क्यांना अपत्य झाले होते. उपचार जितके सौम्य, तितके हे प्रमाण अधिक. लवकर दाखवण्याचा फायदा केवळ जीव वाचण्यापुरता नाही, तो असा. लग्न जमवताना ही हकिकत दडवण्याकडे घरच्यांचा कल असतो. मुलीकडच्यांना नंतर फाइल सापडण्यापेक्षा आधी हे आकडे सांगणे शहाणपणाचे.

सिसप्लॅटिन शरीरातून सहजी जात नाही. उपचारांनंतर वीस वर्षांनीही रक्तात प्लॅटिनमचे अंश सापडल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. हातापायांच्या बोटांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. थंडीत बोटे पांढरी पडून दुखतात. कानात शिट्टीसारखा आवाज राहतो आणि तार स्वर ऐकू येईनासे होतात. कार्यालयात बसणाऱ्याला याचा थोडाफार त्रास होईल. खलाशाचे तसे नाही. जाळ्याची वीण बोटांच्या स्पर्शाने चालते आणि मासळीवर बर्फ हातांनीच पसरायचा असतो. बधिर बोटाला लागलेला काटा कळत नाही आणि जखम चिघळते. बोटीच्या इंजिनाचा सततचा आवाज आधीच दुखावलेल्या कानांना आणखी दुखावतो. अशा माणसाला उपचारांपूर्वी तो काय काम करतो, हे विचारले जायला हवे. सौम्य गटातील रुग्णाच्या बाबतीत तीन आवर्तने बीईपी की ब्लिओमायसिन वगळून चार, असा पर्याय असतो. चौथ्या आवर्तनाने सिसप्लॅटिनची एकूण मात्रा वाढते, तर ब्लिओमायसिन फुप्फुसांना अपाय करू शकते. माडावर चढणाऱ्याला दम महत्त्वाचा, जाळे विणणाऱ्याला बोटे. ही चर्चा रुग्णासमोर व्हावी.

हृदयविकाराचा धोकाही पुढील दशकांत वाढतो. रक्तदाब, चरबी आणि वजन यांवर लक्ष ठेवावे लागते, आणि विडी-तंबाखू या माणसाने सोडलेलीच बरी. उरलेल्या वृषणाची क्षमता कमी पडली, तर थकवा, उदासी, कामेच्छा मंदावणे अशी लक्षणे दिसतात. त्याला अशक्तपणा म्हणून टॉनिक दिले जाते, प्रत्यक्षात टेस्टोस्टेरॉनची तपासणी हवी असते. दुसऱ्या वृषणात पुढे कधीतरी कर्करोग होण्याची शक्यता शंभरात दोघांची. रोग परतायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून तेव्हा तपासण्या दाट असतात. पण क्वचित तो दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो.

वीस वर्षांनंतर याच माणसाला हर्निया किंवा हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी अलिबागच्या रुग्णालयात दाखल केले, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना पूर्वी ब्लिओमायसिन दिल्याचे कळायला हवे, कारण अशा फुप्फुसांना अति प्राणवायू बाधू शकतो. स्कूबा डायव्हिंगची हौस असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, तो याच कारणाने. ही माहिती रुग्णाकडच्या कागदांवरच असते आणि कोकणातील दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद फार टिकत नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावरील कितीतरी घरांची छपरे उडाली, अशा वेळी फायली कोण शोधणार? उपचार संपताना डॉक्टरांकडून एका पानाचा सारांश मागून घ्यावा. त्यावर गाठीचा प्रकार, रोगाचा टप्पा, प्रत्येक औषधाचे नाव व एकूण मात्रा, शेवटच्या डोसची तारीख आणि शेवटचे मार्कर एवढे असावे. त्याचे छायाचित्र स्वतःच्या मोबाइलमध्ये, एक घरच्या कोणाच्या मोबाइलमध्ये आणि एक प्रत गावातील डॉक्टरांकडे ठेवता येते.